चौघांनी मिळून सांगायचं

"कमल, इंदूनं तेव्हा आशाच सोडली असंन का वं?"

विमलताई गजभिये माझ्याशी शेवटचं बोलल्या ते हे. नागपूरच्या सक्करदऱ्यात, त्यांच्या घरी, समोरच्या खोलीत, खाटेवर. उशाला औषधांच्या बाटल्या, पायाशी घडी न घातलेली चादर, आणि डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलेलं असूनही बाईंचे पाय खाटेखाली चपला शोधत होते. मी जरा वैतागूनच म्हटलं, "ताई, किती वर्षं झाली त्याला? पुरे करा आता." त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं... मी चहा ठेवायला आत गेले, बाहेर आले तोवर त्यांचा डोळा लागला होता. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. त्या आठवड्यातच हवालदार शेंडे सायकल रेटत माझ्या दाराशी आले. सायकल स्टँडवर न लावताच त्यांनी भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. "बाई, ताई गेल्या," म्हणाले आणि ओट्यावर बसले. पन्नाशी-साठीतली माणसं जातात, त्यात आश्चर्य करण्यासारखं नसतं. पण इतकी वर्षं एका जागी दोन मिनिटं न टिकलेली बाई आता एका जागी पडून आहे, हे माझ्या डोक्यात शिरेना. आजही नीट शिरलेलं नाही.

इंदूची ही गोष्ट घडली तेव्हा मी मुलींच्या रिमांड होममध्ये शिवण शिकवत असे. विमलताई परिवीक्षा अधिकारी, म्हणजे मूल कोर्टापुढे आलं की त्याच्या घरची चौकशी करायची, त्याला कुठं ठेवावं ते मॅजिस्ट्रेटना सांगायचं, आणि मग त्या मुलावर लक्ष ठेवायचं, असं त्यांचं काम. छप्पन साली वडिलांचं बोट सोडून, पांढरं लुगडं नेसून दीक्षेच्या गर्दीत आपण पार पुढपर्यंत कशा घुसलो, ते त्या रंगवून सांगत. वडील गिरणीत होते. पोरीनं शिकून सावलीत बसावं एवढीच त्यांची इच्छा. विमलताई शिकल्या, पण सावलीत बसणं काही त्यांना जमलं नाही. नागपूरच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, ही बाई डोक्यावर ओला पंचा टाकून सायकलवर गावभर हिंडायची. आमच्या होममध्ये आली की खुर्ची देऊ केलेली तिला दिसायचीच नाही. बोलता बोलता खिडकीचं दार लाव, उघड, माझ्या टेबलावरचा खडू उचल, चिंध्यांवर रेघा ओढ. माझं चांगलं कापलेलं पोलकं तिनं एकदा रेघा मारून वाया घालवलं. मी ओरडले तर म्हणते, "मंग खडू काहून ठेवते समोर?"

आमच्या अधीक्षिका दातारबाई याच्या अगदी उलट. पुण्याहून आलेल्या, शिस्तीच्या, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्या मनात मुलींबद्दल माया होती, पण ती त्या घडी घालून कपाटात ठेवत. आणि लकडगंज भागात ड्यूटी असलेले हवालदार शेंडे म्हणजे आडदांड, मिशाळ, रस्त्यात एकटं मूल दिसलं की आधी त्याला केळं घेऊन देणारा माणूस. दातारबाईंच्या आणि त्यांच्यामधून विस्तव जात नसे. शेंडे मुलगी घेऊन आले की बाई त्यांना फाटकाबाहेर थांबवत, कारण खाकी पाहून मुली दचकतात. शेंड्यांना तो अपमान वाटे. "आमी काय कुत्रे चावलेले हाओत का?" असं ते पहारेकऱ्याला ऐकवत आणि फाटकातूनच मुलीचा हात सोडून निघून जात. त्या मुलीनं वाटेत काय सांगितलं, ती कशाला घाबरते, काय खाते, हे सारं त्यांच्याबरोबर परत जाई. इकडे दातारबाई नव्यानं सुरुवात करत. तिकडे विमलताई तिसऱ्याच टोकाकडून चौकशी करत. एका मुलीसाठी तीन माणसं राबत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. मला हे दिसत होतं, कारण माझ्या शिवणखोलीची खिडकी फाटकाकडे उघडायची. पण शिवणबाईला कोण विचारतो!

त्यात इंदू आली. आठ-नऊ वर्षांची पोर. माय उमरेडकडच्या विणकरांतली, नवरा वारल्यावर नागपुरात येऊन लकडगंजात धान्याच्या गोदामात निवडण-टिपण करायची आणि गोदामामागच्याच खोलीत राहायची. तिला क्षय निघाला, दवाखान्यात भरती केलं, आणि पोरगी मागे राहिली. शेंड्यांना ती रिकाम्या पोत्यांवर झोपलेली सापडली. होममध्ये आली तेव्हा तिच्याजवळ एका टॉवेलात बांधलेलं गाठोडं होतं. ते ती जेवताना मांडीवर घ्यायची, शिवणाच्या तासाला पायाखाली ठेवायची. अंगातला झगा गुडघ्याच्या वर गेलेला. मी म्हटलं, "दे गं, खालची दुमड उसवून लांब करून देते." तर झगा मुठीत धरून मागे सरकली. "नको. मले जायचं आहे."

महिन्याभरात ती पहिल्यांदा पळाली. सापडली ती शेंड्यांच्या चौकीबाहेरच्या बाकावर, गाठोडं मांडीवर घेऊन. दुसऱ्यांदा दिवाळीत पळाली, ती लकडगंजातल्या त्या कुलूप लावलेल्या खोलीच्या दारात बसलेली मिळाली. प्रत्येक वेळी फाटकाशी तोच तमाशा. शेंडे म्हणायचे, होममध्ये पोरीला मारझोड होत असली पाहिजे, त्याशिवाय लेकरू पळत नाही. दातारबाई म्हणायच्या, पोलिसांनी लाडावून ठेवलंय, केळी खायला पळते. दोघंही विमलताईंच्या नावानं बोटं मोडायचे, की या बाई नुसत्या सायकल फिरवतात. तिसऱ्यांदा पळाल्यावर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर मुलीला लांबच्या गावच्या बंदिस्त संस्थेत पाठवावं लागेल. तिथं एकदा गेलेली पोर मोठी होईपर्यंत बाहेर पडत नसे. आणि माय इथं दवाखान्यात... ती बरी झाली तरी त्या गावी जाऊन पोरीला सोडवून आणायची ताकद तिच्यात कुठून येणार होती?

तिसऱ्यांदा ती सापडली होती कोर्टाच्या पायऱ्यांवर. विमलताईंनाच सापडली. त्या रागावून बोलणार तोच पोरगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "तारीख झाली ना ताई? तुमी म्हनलं होतं, तारीख झाली की मायकडे."

त्या दिवशी विमलताई सायकल घेऊन आल्याच नाहीत. कोर्टापासून आमच्या होमपर्यंत पोरीचा हात धरून चालत आल्या. तिला जेवायला बसवलं, आणि वाटेतून निरोप धाडून बोलावलेल्या शेंड्यांना फाटकातून सरळ आत घेतलं. दातारबाई काही म्हणायच्या आत दोघांना माझ्या शिवणखोलीत ढकललं. तीच एक खोली, जिथं कुणाची अशी खुर्ची नव्हती. शिवणाची बुटकी स्टुलं तेवढी होती. शेंडे त्या स्टुलावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे छातीला लागले. दातारबाई पदर सावरून ताठ बसल्या. मी उठून जाऊ लागले तर विमलताई म्हणाल्या, "तू कुठं चालली? बस."

त्या स्वतः अर्थातच उभ्या. खिडकीशी, डाव्या अंगाला. आणि म्हणाल्या, "पोट्टी पळून नाही राहिली. आपण सांगतलेल्या जागी जाऊन राहिली. मी तिले म्हनलं होतं, तारीख झाली की जाशीन. उगाच म्हनलं, ती रडून राहिली होती म्हनून. शेंडेदादा, ती चौकीवर सापडली तो वार कोनता होता गा?"

शेंडे काही क्षण मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला. "रविवार," म्हणाले. "मीच सांगतलं होतं तिले, रविवारी नेतो तुह्या मायकडे. लेकरू गप व्हावं म्हनून... त्या रविवारी बंदोबस्त लागला बाई. इसरून गेलो मी."

आता राहिल्या दातारबाई. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही, पण त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, "शहाण्यासारखी राहिलीस तर दिवाळीला घरी पाठवू, असं मी म्हटलं होतं. सगळ्यांनाच म्हणतो आपण."

बाहेर मुली जेवणाची ताटं घासत होत्या, तो आवाज येत होता. तिघांनीही त्या पोरीला मायेपोटीच सांगितलं होतं. तिघांनीही वेगवेगळं सांगितलं होतं, आणि दुसऱ्यानं काय सांगितलंय याचा पत्ता कुणालाच नव्हता. पोरगी आपली इमानेइतबारे प्रत्येकाचा शब्द धरून गाठोडं घेऊन निघत होती. आणि आम्ही तिला पळपुटी ठरवून लांबच्या गावी पाठवायला निघालो होतो. मला तर इतका संताप आला की कात्री हातात होती ती मी टेबलावर आपटली. कुणावर आपटली, ते मलाही ठाऊक नाही.

"आता एकच सांगायचं," विमलताई म्हणाल्या. "सगळ्यांनी एकच. आन् खरं."

ते एक वाक्य ठरवायला आम्हाला दुपार पुरली नाही. विमलताई सकाळीच दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, बाई बरी होईलही, नाहीही, आज सांगता येत नाही. मग खरं काय सांगायचं? दातारबाई म्हणाल्या, "लवकर बरी होईल म्हणू या, त्यात वाईट काय?" विमलताई म्हणाल्या, "लवकर म्हणजे कधी, असं विचारलं तं?" शेंडे म्हणाले, देवाच्या हातात आहे म्हणा. विमलताई म्हणाल्या, तुमचा देव माझ्या तोंडून कशाला? त्यावरून दोघांचं वाजलं. मग शेंडेच हसले. पुन्हा सगळं पहिल्यापासून. उरलं ते एवढंच, की आम्हाला माहीत नाही. दातारबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "इतक्याशा मुलीसमोर चार मोठी माणसं उभी राहून 'माहीत नाही' म्हणणार? कशी गं राहील ती?" शेंडे मान खाली घालून म्हणाले, "लेकरापुढं जीभ नाही उचलनार बाई माही." मी चौथी. मी पोरीला कसलाही शब्द दिला नव्हता, म्हणून म्हटलं, मला यात ओढू नका. तर विमलताई म्हणाल्या, "उद्या ती तुलेच विचारन. तू रोज तिच्यासमोर आहे. तुलेही म्हनाच लागन."

इंदूला आत बोलावलं. ती गाठोडं घेऊनच आली. आम्ही चौघं ओळीनं उभे राहिलो. विमलताई खिडकीशी, मग मी, दातारबाई, शेंडे. विमलताईंनी सांगितलं, "इंदू, तुही माय बरी होईन का, कधी होईन, ते आमाले माईत नाही. माईत झालं की आमी चौघं मिळून तुले सांगू. एकट्यानं कोणी सांगतलं तं ते खरं धरू नको." मग तेच मी म्हटलं, दातारबाईंनी त्यांच्या पुणेरी मराठीत म्हटलं, आणि शेंड्यांनी घसा खाकरत, अर्धंच म्हटलं.

पोरीनं चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी दातारबाईंना विचारलं, "तुमाले बी माईत नाही?"

"नाही बाळ," दातारबाई म्हणाल्या.

इंदू रडली नाही. माझ्याकडे आली आणि झग्याचं टोक पुढे करून म्हणाली, "हे उसवून देता का? लांब करून?"

मी तिथंच बसून दुमड उसवली. आतलं कापड वरच्यापेक्षा गडद निघालं. विमलताई खिडकीशी उभ्या राहून ते पाहत होत्या. सगळे हुश्श करून निघाले, आणि या बाई माझ्या मशीनभोवती येरझाऱ्या घालू लागल्या. "कमल, झगा लांब करून मागतला तिनं. म्हणजे आता जायचं नाही, असं धरलं का वं तिनं?" मी म्हटलं, "ताई, शहाणी झाली पोर. विश्वास बसला तिचा." त्यांना ते पटलं नाही. मूल पळायचं थांबतं ते विश्वास बसला म्हणून, की वाट पाहणंच सोडून दिलं म्हणून... बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ती आशा आपण, चार शहाण्यासुरत्या माणसांनी, ओळीनं उभं राहून मारली असेल तर?

इंदू पुन्हा पळाली नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला आमच्याकडेच राहू दिलं. आमचं मात्र त्या दिवसापासून बदललं. शेंड्यांना फाटकाबाहेर थांबवणं बंद झालं. ते खाकीवर साधा शर्ट चढवून यायचे, मिशी तेवढी लपत नसे. नवी मुलगी आली की चौघं शिवणखोलीत, स्टुलांवर. तिला काय सांगायचं ते ठरल्याशिवाय कुणी तिच्याशी "उद्या", "परवा", "लवकर" असे शब्द बोलायचे नाहीत. भांडणं थांबली असं कुणी समजू नये. उलट वाढली. आधी ती फाटकाशी व्हायची, आता माझ्या डोक्यावर व्हायची. दातारबाई एकदा म्हणाल्या, "शेंडे, तुम्ही मुलींना केळी देऊन त्यांची भूक मारता." शेंडे दुसऱ्या दिवशी दातारबाईंसाठी केळी घेऊन आले. आणि बाईंनी खाल्ली! एक मात्र झालं, त्या होममध्ये त्यापुढे कुठल्याही मुलीनं तीन माणसांकडून तीन गोष्टी ऐकल्या नाहीत. आता इतरही ठिकाणी अशा बैठका होतात म्हणे, वर पंखा असतो, चहा येतो. आमच्याकडे विमलताई होत्या, आणि त्या कुणाला बसू देत नसत.

दीडेक वर्षानं इंदूची माय बरी झाली. आम्ही चौघं पुन्हा ओळीनं उभे राहिलो आणि सांगितलं. आम्हाला वाटलं, पोरगी नाचेल. इंदूनं पुन्हा एकेकाकडे पाहिलं. "सगळ्यांले माईत आहे ना?" एवढंच विचारलं आणि कपडे आवरायला गेली. हसली नाही, रडली नाही. विमलताईंच्या जिवाला तेच लागलं. मायलेकी भिवापूरला गेल्या, तिथं मिरचीच्या कामाला लागल्या. विमलताई सवड काढून तिकडे जाऊनसुद्धा आल्या. इंदूनं पाणी दिलं, चटई टाकली, "बरं आहे ताई" म्हणाली. "बस, तेवढंच बोलली," असं मला सांगताना विमलताई माझ्या दारातून तीनदा आत-बाहेर झाल्या. शेकडो मुलं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांतली कितीतरी नावं त्या विसरल्या असतील. ही एक त्यांना बसू देत नव्हती. मला खरं सांगायचं तर कधीकधी राग यायचा. इतकं चांगलं काम केलेल्या बाईनं एवढ्याशा गोष्टीवरून स्वतःला असं कुरतडत राहावं? पण ती कुरतड नसती तर विमलताई म्हणून कुणी असतं का, हेही आता वाटतं.

त्या गेल्यावर दातारबाईंनी विषय काढला, की इंदूला कळवायला हवं. कुणीतरी एकानं जाऊन यावं, असं आमच्यापैकी कुणीही सुचवलं नाही. आम्ही तिघंही निघालो. शेंडे निवृत्त, दातारबाईंच्या हातात काठी, मी त्यातल्या त्यात धडधाकट. उमरेडच्या पुढे एस.टी. रिकामी झाली तशी शेंड्यांनी विचारलं, "सांगायचं काय बाई नेमकं?" झालं, पुन्हा तेच सुरू. दातारबाईंना "गेल्या" हा शब्द मोघम वाटला. शेंड्यांना "वारल्या" तोंडातून काढवेना. मी म्हटलं, अहो, ती आता लहान आहे का? संसाराची बाई आहे. तरी भिवापूर येईपर्यंत आमचं ठरलं ते एवढंच, की विमलताई आता नाहीत, आणि शेवटपर्यंत तुझं नाव काढत होत्या.

इंदूचं घर गावाच्या कडेला. अंगणात मिरच्यांचा ढीग, बायका देठं खुडत बसलेल्या. शेंडे फाटकातच शिंकायला लागले. इंदू उठून उभी राहिली. उंच झालेली, कपाळावर घाम, बोटं लाल. आम्ही ओळीनं उभे राहिलो होतो, न ठरवता. माझ्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी राहिली होती. तीही न ठरवता.

इंदूनं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग आमच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. दातारबाईंनी ठरल्याप्रमाणे वाक्य सुरू केलं. "इंदू, विमलताई आता..."

"थांबा," इंदू म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. देठं खुडणाऱ्या बायकांचे हात थांबले. "चौघं या आन् मंग सांगा. तिघांचं मी खरं नाही धरत."

आणि ती आम्हाला बाजूला सारून रस्त्यावर गेली, एस.टी.च्या दिशेनं तोंड करून उभी राहिली, लाल हातांनी डोळे पुसत. मिरचीच्या हातांनी डोळे पुसू नकोस म्हणून शेंडे तिच्यामागे धावले. ती ऐकेना. कितीतरी वेळ ती तशीच रस्त्याकडे पाहत होती... आशा सोडलेलं माणूस असं पाहत नाही. हे सांगायला मी डावीकडे वळले. "ताई, पाह्यलं का?" असं माझ्या तोंडून निघूनही गेलं.